मुक्या संगणकाची कैफियत

श्रोतेहो, इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आमची शाळा सातवीत सुटली आणि पुढचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर गेले. त्यामुळे यंत्रे व ती चालविणारी माणसे यांचा इतिहास आम्हांस अधिक जवळचा वाटतो. त्यातलेच एक लहान प्रकरण आज मांडावयाचे आहे: लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचा आवाज हरवतो तो का, आणि तो शोधावयाचा कसा.

प्रसंग 2023 सालचा. आमच्या एका दिवंगत सहकाऱ्याची शोकसभा होती. संपाच्या काळातील त्यांच्या आठवणी आम्ही त्यांच्याच तोंडून मुद्रित करून ठेवल्या होत्या आणि त्या सभेत ऐकवावयाच्या होत्या. आदल्या संध्याकाळी कचेरीतला संगणक सुरू केला, तो मुका! ध्वनिसाधनांच्या यादीत 'डमी आउटपुट', म्हणजे नुसते नावापुरते बाहुले. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "काका, साउंड कार्ड गेलं. नवीन घेऊ." निधी वर्गणीचा. आम्ही म्हणालो, "चौकशी केल्याशिवाय आपण कोणालाही बडतर्फ होऊ देत नाही. मग यालाच का?"

चौकशीचा क्रम समजावयाचा तर थोडे मागे गेले पाहिजे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने 1989 साली 'साउंड ब्लास्टर' हे कार्ड बाजारात आणले. 25 ऑगस्ट 1991 रोजी हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने आपल्या नव्या प्रणालीची वार्ता दिली. तीच पुढे लिनक्स झाली. त्या काळच्या कार्डास स्वतःची ओळख सांगता येत नसे. त्याचा पत्ता 220, व्यत्यय-क्रमांक 5 किंवा 7, हे सारे कार्डावरच्या इवल्याशा खिट्ट्या हलवून ठरवावे लागे. छपाई-यंत्राची जोडणीही बहुधा 7 हाच क्रमांक वापरी. दोघांची गाठ पडली की तंटा ठरलेला. पुढे पीसीआय पद्धतीची कार्डे आली. ती आपल्या निर्मात्याचा व स्वतःचा क्रमांक आपण होऊन सांगू लागली. म्हणूनच आज पहिला प्रश्न सोपा आहे: 'एलएसपीसीआय' ही आज्ञा द्या आणि कार्ड हजर आहे की नाही ते पाहा.

परंतु कार्ड हजर असले म्हणजे काम होतेच असे नाही. ते चालविणारा ड्रायव्हर हवा. फिनलंडच्याच हानू सावोलायनेन यांनी नव्वदीच्या आरंभी लिनक्ससाठी ध्वनीचे ड्रायव्हर लिहिले. त्यांची सुधारित आवृत्ती पुढे एक कंपनी पैसे घेऊन विकू लागली आणि सर्वांसाठी खुली असलेली आवृत्ती मागे पडत गेली. त्या व्यवस्थेत बहुतेक कार्डांवर एका वेळी एकाच कार्यक्रमाचा आवाज निघे. 1998 साली यारोस्लाव किसेला यांनी 'अल्सा' हे खुले काम हाती घेतले. डिसेंबर 2003 मध्ये आलेल्या 2.6 या कर्नेलात ते मुख्य ध्वनिव्यवस्था झाले. सुरुवातीस अल्सात सारे आवाज बंदच ठेवलेले असत. कित्येकांनी चांगली कार्डे मेली असे समजून हळहळ केली. वस्तुतः 'अल्सामिक्सर'मध्ये एक कळ दाबावयाची तेवढी राहिली होती.

त्यावर आणखी एक मजला चढला. लेनार्ट पोटरिंग यांनी 2004 मध्ये आरंभिलेले 'पल्सऑडिओ' अनेक कार्यक्रमांचे आवाज एकत्र करून कार्डाकडे पाठवी. विम टायमन्स यांच्या 'पाइपवायर'ने ती जागा घेण्यास सुरुवात केली. 2021 च्या फेडोरा 34 मध्ये ते रूढ झाले. या वरच्या मजल्यास खाली एकही कार्ड सापडले नाही की तो बाहुले उभे करतो. 'डमी आउटपुट'चा अर्थ एवढाच. त्यावरून कार्ड मेले असा निकाल देता येत नाही.

आम्ही खालून चौकशी आरंभिली. एलएसपीसीआयच्या यादीत कार्ड होते. पण त्याच्या नावाखाली ड्रायव्हरची ओळच नव्हती, आणि अल्साची कार्डांची नोंद कोरी होती. यंत्र हजर, कामगार गैरहजर! दोन दिवसांपूर्वी कर्नेल नवे झाले होते. त्या वितरणात ध्वनीचे ड्रायव्हर जादा मॉड्यूलांच्या वेगळ्या गाठोड्यात असतात, आणि नव्या कर्नेलाबरोबर ते गाठोडे आलेच नव्हते. ते बसविले, संगणक पुन्हा सुरू केला आणि आवाज आला. खर्च शून्य. दुसऱ्या दिवशी सभेत त्या सहकाऱ्याचा खरखरीत आवाज ऐकताना आम्हांसही डोळे पुसावे लागले.

आता यातून घ्यावयाचे काय? 2004 साली इंटेलने 'एचडी ऑडिओ' हा नमुना ठरविला. नमुना एक, पण प्रत्येक उत्पादकाने आपापल्या फळीवर तारा निराळ्या जोडल्या. कोठे हेडफोन मुका, तर कोठे मायक्रोफोन. म्हणून अल्साच्या ड्रायव्हरात अशा अपवादांची लांबलचक यादी आहे. ती यादी वाढली ती पुष्कळशी वापरणाऱ्यांच्या तक्रारींतून. कोणी आपल्या यंत्राचा क्रमांक कळविला, कोणी नोंदी उतरवून पाठविल्या, कोणी सुचविलेला उपाय करून पाहिला व निष्पन्न काय झाले ते लिहिले. "आवाज येत नाही हो" एवढे म्हणून हात झटकणाऱ्याच्या तक्रारीवर कोणास काही करता येत नाही. हे आम्ही तीस वर्षे फाटकावर सांगत आलो आहोत. तारीख, क्रमांक आणि घडले ते नेमके लिहिलेली तक्रार मात्र तुमच्या पश्चात अनोळखी माणसाच्याही उपयोगी पडते.

तेव्हा, श्रोतेहो, तुमचे यंत्र मुके झाले तर त्यास फेकण्यापूर्वी एक एक मजला विचारीत जा. कार्ड दिसते काय? ड्रायव्हर लागला आहे काय? आवाज बंद तर नाही? वरच्या मजल्याने भलतीकडे तर पाठविला नाही? आणि उत्तर सापडले की ते लिहून ठेवा. आपल्यामागून येणाऱ्यास देता येईल अशी ती वर्गणी आहे.