चांदी आणि वेठ

सोमवार. साल १६०० च्या आसपासचं. तुम्ही आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीला आहात, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांच्या वर. चार पावलं भरभर टाकली तरी धाप लागते. समोर सेर्रो रिको, लालसर, बोडका डोंगर. १५४५ मध्ये त्यात चांदी सापडली आणि ओसाड माळावर लाखाच्या वर वस्तीचं शहर उभं राहिलं. इथे पीक म्हणावं असं काही येत नाही. मका, कोकाची पानं, लाकूड सगळं लामांच्या पाठीवरून येतं आणि भाव ऐकून पोटात गोळा येतो.

तुम्ही आला आहात तितिकाका सरोवराकाठच्या चुकुइतोहून, बायकोमुलांसह, कित्येक आठवडे चालत. स्पेनच्या राजाचा इथला व्हाइसरॉय तोलेदो याने १५७३ मध्ये नेम घालून दिला: ठरलेल्या प्रांतांतल्या दर सात पुरुषांमागे एकाने वर्षभर इथे राबायचं. ही वेठ, म्हणजे मिता, इंका राजांच्या काळीही होती. पण ती डोंगर पोखरून चांदी समुद्रापार धाडण्यासाठी नव्हती.

आज पायथ्याशी तुमची वाटणी होते आणि तुम्ही आत शिरता. चामड्याच्या पिळदार दोरांच्या शिड्या, त्यांना लाकडी पायऱ्या. एका बाजूने चढायचं, दुसऱ्या बाजूने उतरायचं. वर येताना घोंगडीत बांधलेलं वीसेक किलो खनिज पाठीवर, गाठ छातीशी. दोन्ही हात शिडीला गुंतलेले, म्हणून पुढच्याच्या अंगठ्याला मेणबत्ती बांधलेली. खाली घामाने निथळता, वर तोंडाशी येताच बर्फगार वारा अंगात शिरतो. किती माणसं त्या वाऱ्यानेच खोकून खोकून गेली!

मजुरी मिळते, पण खुल्या मजुराला मिळते त्याहून पुष्कळ कमी. तेवढ्यात या शहरात घर चालत नाही. म्हणून बायका बाजारात बसतात, कोका विकतात, मक्याची दारू विकतात. चांदीच्या इतिहासात त्यांची नोंद फार कमी होते, याची मला खंत वाटते.

तोलेदोची दुसरी आज्ञा मला पहिलीइतकीच क्रूर वाटते: गावावरचा कर बहुतांशी चांदीत. बटाट्याच्या शेतात चांदी पिकत नाही. ती हवी तर घर सोडून बाजारात नाहीतर खाणीवर यायचं.

खाली ओढ्याकाठच्या गिरण्यांत खनिज कुटतात, त्यात मीठ आणि वांकाव्हेलिकाच्या खाणीतला पारा कालवून पायांनी तुडवतात, मग तापवून पारा उडवतात. त्याची वाफ छातीत जाते. टांकसाळीत आफ्रिकेतून आणलेले गुलाम हातोड्याने नाणी पाडतात. ओबडधोबड, आठ रियालांचं, सुमारे २७ ग्रॅमचं नाणं.

आता त्याच्या मागोमाग निघा. आरिका बंदर, पनामा, सेव्हिल. स्पेनमध्ये शतकभरात भाव तिप्पट-चौपट झाले, आणि एवढी चांदी येऊनही राजाने १५५७, १५७५ आणि १५९६ मध्ये सावकारांची देणी थकवली. अमेरिकेतली चांदी मेक्सिकोच्या आकापुल्कोहून मनिलामार्गे चीनलाही जाते. तिथे मिंग दरबाराने सारा आणि वेठ एकत्र करून चांदीत घ्यायला सुरुवात केली आहे. तिथल्याही शेतकऱ्याला आता चांदी हवीच.

साठेक वर्षं पुढे या आणि सुरतेला उतरा. इंग्रजांची लोकर इथे फारशी खपत नाही, पण कापड तर हवंच, म्हणून पेट्या भरभरून रियाल येतात. टांकसाळीत ते वितळतात आणि साडेअकरा ग्रॅमच्या आसपासचा, जवळजवळ शुद्ध चांदीचा रुपया बाहेर पडतो, त्यावर बादशहाचं नाव. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी वीरजी व्होरासारख्या व्यापाऱ्यांच्या हवेल्या रित्या केल्या, त्या धनातही दूरच्या खाणींचा वाटा असणारच.

सुरतेबाहेर पडून एखाद्या खेड्यात थांबा. सारा रोखीत मागतात. सुगीला सगळेच धान्य विकायला काढतात, भाव पडतो, तरी विकावंच लागतं. हाती आलेला रुपया चालू सालचा नसेल तर सराफ त्यावर बट्टा कापतो, आणि ती तूट भरायला घरच्या कणगीतलं आणखी धान्य मोजून द्यावं लागतं.