पाचवा धांडा

आधी चपला काढा. मिश्या असतील तर त्याही इथेच ठेवा, कारण आजच्या संध्याकाळपुरते तुम्ही दहा वर्षांची पोर आहात. परकर-पोलकं, कानामागे आवळलेल्या दोन वेण्या आणि कपाळावर ओघळू पाहणारं तेल. शंभरेक वर्षं मागे, कामठीतल्या एका कोष्ट्याच्या अंगणात. कोजागिरी आहे आणि चंद्र अजून कौलांच्या खालीच आहे.

शेणाने सारवलेलं अंगण तळपायाला गार लागतंय. शेजारच्या ओसरीवर दिवसभर विड्या वळून झाल्यात, तो तंबाखू नाकात हुळहुळतो. शिंक येणारच, देऊन टाका. घरातल्या मागाची खटखट आत्ताच थांबली, आणि सकाळपासून कानाला तिची इतकी सवय झालेली की थांबली तेव्हाच ती ऐकू आली. लांब छावणीत बिगूल वाजतो. गोऱ्यांनी १८२१ साली कन्हानकाठी तळ टाकला आणि त्या 'कँप'वरून गावाला कामठी म्हणू लागले, असं सांगतात. पोरींना त्याचं काय! बिगूल झाला की दिवेलागण, आणि दिवेलागण झाली की भुलाबाई.

ती बघा, कोनाड्यात. भाद्रपदाच्या पौर्णिमेला कुंभाराकडून आली, तेव्हापासून महिना झाला इथेच बसून आहे. शेजारी फेटेवाला भुलोबा, मांडीवर इवलासा गणपती. कुंभाराला घाई असावी, कारण बाईचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा खाली उतरलाय, त्यामुळे ती सारखी हसू दाबल्यासारखी दिसते. लोक म्हणतात ही शंकर-पार्वतीच. सारीपाटात हरून शंकर रुसून रानात गेला, पार्वती भिल्लीण होऊन मागे गेली, आणि बाबा भुलला. देवाची फजिती झाली तीच त्याला नाव म्हणून चिकटवायची, हा आमच्या लोकांचा खट्याळपणा मला फार आवडतो.

भटजी शोधू नका, यायचा नाही. पोथीही नाही. पुण्याकडच्या पोरी हस्त नक्षत्रात पाटावरच्या हत्तीभोवती भोंडल्याचा फेर धरतात. इकडे महिनाभर रोज संध्याकाळी गाणी, आणि शेवटच्या रात्री देवाला घर बांधून द्यायचं. तेही पोरींनीच. मुकादम म्हणजे समोरची ती, पुढचे दोन दात मोठे असलेली.

"पाहून काय राह्यली? धर नं हा धांडा!"

हा घ्या. ज्वारीचा धांडा तुमच्याहून हातभर उंच आहे. नदीपलीकडच्या शेतातून आज दुपारीच मुळासकट उपटून आणलाय, बुडाला काळी माती तशीच चिकटलेली. पान सरळ ओढू नका, धार असते. झालं? आता तो कापलेला अंगठा चोखा आणि गप्प राहा, इथे कोणी कौतुक करणार नाही. वरचं कणीस हिरवट आहे. एक दाणा नखाने दाबून पाहा, दूध निघतं. रानातलं पीक अजून उभं आहे, खळं कुणी सारवलेलंही नाही. पण त्यातले पाच धांडे आधी इथे येतात, त्यांची खोपी होते आणि तिच्याखाली भुलाबाई बसते.

चौघी चार कोपऱ्यांना, पाचव्या तुम्ही. शेंडे एकत्र ओढा. कुसळांचा भुगा मानेवर पडतो, घामात चिकटतो, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे खाजवताही येत नाही. अंबाडीच्या दोरीचे चार फेरे. मुकादमीण गाठ मारते, खोपी डावीकडे कलते, भुलोबाच्या फेट्यावर एक कणीस आपटतं, आणि सगळ्या अशा खिदळतात की खुंट्याची शेळीसुद्धा कान टवकारते. पुन्हा बांधा. या खेपेला गाठ तुम्ही मारा.

मग टिपऱ्या. गाण्यांत सासू, नणंद, माहेरचा मुराळी. नऊ वर्षांच्या चिमुकल्या सासूला ठेवणीतली नावं ठेवतात, जणू चार सासवा सोसून आल्यात. त्यांच्यात एक आहे, तेरा-चौदाची, काचेच्या हिरव्या बांगड्यांची. गेल्या वैशाखात लग्न झालं, दसऱ्याला माहेरी आली. गाणं तिला सगळं येतं. सासूच्या ओळीला मात्र ती टिपरी वाजवते आणि तोंड मिटून घेते. तिच्याकडे टक लावून बघू नका.

आतून पितळी डबे येतात. आज खिरापतीचे प्रकार तेहेतीस. काही घरांत बत्तीसच धरतात, त्यावरून वाद नको. डबा कानाशी हलवला जातो. ओळखा! फुटाणे? ते खुळखुळले असते. लाह्यांना वजन नसतं. हा आवाज बोथट आहे, घरच्या बाईने फडक्यात गुंडाळून ठेवलंय, लबाड कुठली. झाकणाजवळ नाक न्या. तळ्याच्या गाळाचा, उकडलेला, गोडसर वास.

"शिंगाडे!" तुम्ही ओरडता.

झाकण उघडतं. काळे, दोन शिंगांचे, वाफाळते. पहिला तुमच्याच तळहातावर पडतो. भाजतं, दुसऱ्या हातात घ्या, फुंकर घाला. चुलीवर दुधाचं पातेलं चढलंय, कौलांवर चंद्राची कड आलीय, आणि मागे काहीतरी करकरतंय. खुंट्याची दोरी तोडून शेळी खोपीपाशी पोचली आहे. पाचवा धांडा तिने पानांसकट ओढून काढलाय, अर्धं कणीस तोंडात.

"गाठ कोनं मारली होती?" मुकादमीण विचारते.