मॉस्मनच्या दोन बहिणी

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला करायचा म्हणजे मातीइतकीच झाडांची निकड असते. आमच्या गावची मुले त्यासाठी शाळेमागच्या टेकडीवर धावतात आणि घाणेरीचे फुलोरे खुडून आणतात. तांबडे, पिवळे, गुलाबी झुबके बुरुजावर मोठे शोभून दिसतात. परंतु महाराजांच्या मावळ्यांनी हे झुडूप पाहिलेही नसणार, असे मी एकदा वर्गात सांगितले, तेव्हा मुलांना ते खरे वाटेना. घाणेरी मूळची अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून ती कलकत्त्याच्या बागेत आली. पुढे पाखरांनी तिची काळी फळे खाल्ली, आणि बी रानोमाळ गेले. पाहुणी म्हणून आलेली घरधनीण होऊन बसली!

हे कळल्यावर मुलांना स्फुरण चढले आणि मलाही. वैशाखात आम्ही कोयते घेऊन टेकडीवर गेलो. जिथे घाणेरीची जाळी सर्वांत दाट, तिथेच पहिला घाव घातला. चार दिवसांत उतार असा उघडा केला, की गावातून पाहणाराने शाबासकी द्यावी. शाबासकी मिळालीही. मग पाऊस आला. काही माती ओहोळात गेली, उरलेल्या मातीत घाणेरीचे बी तरारून वर आले, तोडलेल्या बुंध्यांना दहा-दहा फुटवे फुटले. पुढच्या वर्षी जाळी पहिल्याहून दाट. एका मुलाने विचारले, “गुरुजी, आपण केलं ते चुकलं का?” मला उत्तर देता आले नाही.

ते उत्तर मला पुढे मिळाले ते थेट ऑस्ट्रेलियात, सिडनी बंदराच्या उत्तर काठावरील मॉस्मन नावाच्या उपनगरात. तिथे एलीन आणि जोन ब्रॅडली या दोघी बहिणी राहत. एलीनचा जन्म १९११ चा, जोनचा १९१६ चा. जोन रसायनशास्त्र शिकलेली. घराजवळ अ‍ॅश्टन पार्कचे रान होते. कुत्र्यांना घेऊन फिरायला निघावे आणि जाता जाता परक्या रोपट्यांना हाताने उपटावे, हा त्यांचा नित्यक्रम. तिथेही शत्रू आपल्या ओळखीचाच होता: घाणेरी! तिच्या जोडीला बागांतून पळालेले प्रिव्हेट वगैरे. मोठ्या तोडणीनंतर तण दुप्पट जोमाने उठते, हे त्या १९६० नंतरच्या वर्षांत डोळ्यांनी पाहत होत्या. जिथे आपण हलक्या हाताने थोडेसेच उपटले, तिथे मात्र मूळची झाडे आपली आपण परतताहेत, हेही त्यांनी टिपले.

या पाहण्यातून त्यांनी तीन नियम काढले. पहिला: जिथे रान अजून चांगले आहे तिथून आरंभ करावा आणि हळूहळू बिघडलेल्या भागाकडे सरकावे. दुसरा: माती कमीत कमी ढवळावी, बाजूला सारलेला पालापाचोळा पुन्हा पसरून ठेवावा. तिसरा नियम सर्वांत अवघड: मूळची झाडे ज्या गतीने परततील त्याच गतीने पुढे जावे, अधिक साफ करू नये.

कारण साधे आहे. सिडनीच्या वालुकाश्मावरची जमीन निकस, आणि तिथल्या झाडांना त्या निकसपणाचीच सवय. तिच्या पोटात त्यांचे बी असते. शेजारच्या निरोगी झाडांचेही येऊन पडते. माती उकरली आणि ऊन मोकळे केले की लाभ प्रथम उतावळ्या तणाला होतो. चांगल्या रानाची सावली मात्र हळूहळू पुढे सरकवली, तर रान स्वतःच आपली हद्द परत घेते. माणसाने फक्त वाट मोकळी करायची.

१९६७ मध्ये त्यांनी ही पद्धत एका छोट्या पुस्तिकेत मांडली. १९७० नंतरच्या वर्षांत न्यू साउथ वेल्सच्या नॅशनल ट्रस्टने ती हाती घेतली आणि अनेक स्वयंसेवक तिच्यात तयार झाले. एलीन १९७६ मध्ये गेली, जोन १९८२ मध्ये. त्यांचे मोठे पुस्तक १९८८ मध्ये, दोघींच्या पश्चात निघाले.

त्या अगदी पहिल्याच होत्या असे मात्र नव्हे. त्याच राज्यातील अ‍ॅलस्टनव्हिल येथे अ‍ॅम्ब्रोज क्रॉफर्ड नावाच्या गृहस्थाने १९३५ मध्येच वर्षावनाचा एक तुकडा तणातून सोडवण्यास घेतला होता. आणि बहिणींची पद्धत सर्वत्र लागू पडते असेही नाही. जिथे मूळचे काहीच उरलेले नाही, तिथे नुसती वाट पाहून भागत नाही; काही बियांना तर रुजण्यासाठी आगीची धग लागते. पुढच्या लोकांनी त्या पद्धतीत भर घातली, बदलही केले. पण ‘चांगल्यापासून वाईटाकडे’ हा पाया टिकला.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा टेकडीवर गेलो. या वेळी माथ्यावरच्या जुन्या पळसांपाशी, जिथे करवंदीची जाळी अजून शाबूत आहे. एका सकाळी अंथरुणाएवढी जागा. कोयते घरी ठेवले होते. खाली उतरल्यावर गावात कोणी शाबासकी दिली नाही, कारण पाहण्यासारखे काही झालेच नव्हते. पण यंदाच्या श्रावणात त्या जागी पळसाची तीन रोपे उगवलेली मुलांनीच मला दाखवली.

ज्याने तो प्रश्न विचारला होता, तो मुलगा आता शाळा सोडून गेला आहे. दिवाळीला घरी येईल, तेव्हा त्याला मी सांगणार आहे: होय, चुकलं होतं, आणि चल, ती तीन रोपं पाहायला.