चंदेरी कागदाचा युनिकॉर्न

रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेल्या 'ब्लेड रनर' (१९८२) या विज्ञानपटाच्या अखेरीस नायकाच्या घराबाहेर जमिनीवर एक चिमुकली वस्तू पडलेली दिसते. चंदेरी कागदाला घड्या घालून केलेला तो युनिकॉर्न, म्हणजे कपाळावर एकच शिंग असलेला काल्पनिक घोडा असतो. नायक तो उचलतो, क्षणभर न्याहाळतो, किंचित मान हलवतो आणि मुठीत चुरगाळून लिफ्टमध्ये शिरतो. एवढ्याशा कागदावरून विज्ञानपटांच्या रसिकांमध्ये कित्येक वर्षे वाद झडत राहिला आहे.

चित्रपटाचे कथानक २०१९च्या नोव्हेंबरमधील लॉस एंजेलिस शहरात घडते. चित्रपट आला तेव्हा ते साल दूरच्या भविष्यातले होते. आता तेही मागे पडले. दिसण्या-बोलण्यात माणसापासून वेगळे न ओळखता येणारे 'रेप्लिकंट' नावाचे कृत्रिम मानव पृथ्वीबाहेरील वसाहतींमध्ये गुलामांसारखे राबवले जातात. नव्या बनावटीच्या रेप्लिकंटांना आयुष्य मिळते ते अवघे चार वर्षांचे. त्यांतले काही पळून पृथ्वीवर येतात आणि त्यांना शोधून ठार करण्याची कामगिरी रिक डेकार्ड (हॅरिसन फोर्ड) याच्यावर येते. त्याच्या आसपास गाफ (एडवर्ड जेम्स ओल्मोस) हा पोलीस अधिकारी सतत वावरत असतो. गाफ बोलतो थोडे, आणि तेही पुष्कळदा जपानी, स्पॅनिश, हंगेरियन अशा भाषांची खिचडी झालेल्या बोलीत. मनातले तो बोटांनी सांगतो. डेकार्ड कामगिरी टाळू पाहतो तेव्हा गाफ कागदाची कोंबडी घडवतो. आपल्याकडे भित्रेपणासाठी ससा बदनाम, इंग्रजीत कोंबडी. पुढे तो काडेपेटीच्या काडीचा एक कामातुर माणूस वाकवून ठेवतो. तिसरा तो युनिकॉर्न.

ज्या कादंबरीवर हा चित्रपट बेतला, त्या फिलिप के. डिक यांच्या १९६८च्या कादंबरीत गाफ नाही आणि त्याचे घडीकामही नाही. मात्र तेथे खरे प्राणी दुर्मिळ झालेले आहेत आणि डेकार्डला घराच्या गच्चीवर विजेवर चालणारी मेंढी पाळून शेजाऱ्यांपुढे अब्रू राखावी लागते. खऱ्या प्राण्याच्या जागी बनावट प्राणी, ही डिक यांची कल्पना गाफच्या बोटांतून कागदावर उतरली असे म्हणता येईल. डिक यांचे मार्च १९८२मध्ये निधन झाले. चित्रपट जूनमध्ये प्रदर्शित झाला.

१९८२च्या आवृत्तीत या युनिकॉर्नचा अर्थ सरळ होता. डेकार्ड ज्या रेचेलच्या प्रेमात पडला आहे, ती स्वतः रेप्लिकंट आहे आणि तिलाही ठार करणे अपेक्षित आहे. गाफ घरापर्यंत येऊन गेला, तरी त्याने तिला जिवंत सोडले. कागदी प्राणी ही त्याच्या येऊन जाण्याची खूण. निर्मात्यांनी चाचणी-खेळांतील प्रेक्षकांच्या नाराजीनंतर नायकाचे निवेदन जोडले होते, त्यातही हेच सांगितले जात असे. त्यापाठोपाठ डोंगराळ मुलखातून निघालेल्या मोटारीचा सुखान्त शेवट येई. त्यातील निसर्गदृश्ये स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'द शायनिंग'साठी चित्रित होऊन उरलेली होती!

१९९२मध्ये आलेल्या 'दिग्दर्शकाच्या आवृत्ती'तून निवेदन आणि सुखान्त शेवट दोन्ही गेले आणि काही सेकंदांचे एक दृश्य आत आले. डेकार्ड पियानोपाशी बसला आहे आणि त्याच्या मनश्चक्षूंपुढे हिरव्या रानातून एक शुभ्र युनिकॉर्न दौडत येतो. या स्वप्नाविषयी तो कोणाशीही अवाक्षर बोलत नाही. मग गाफला ते कसे ठाऊक? याचे उत्तर चित्रपटात आधीच पेरलेले आहे. रेचेलने कोणालाही न सांगितलेली बालपणीची एक आठवण, खिडकीबाहेर जाळे विणणाऱ्या कोळ्याची, डेकार्ड तिला तपशीलवार सांगतो. त्याला ती माहीत असते, कारण ती तिची नसतेच. दुसऱ्या कोणाची तरी आठवण तिच्या मेंदूत रोवलेली असते. हाच न्याय डेकार्डला लावला तर? रेप्लिकंटांची शिकार करणारा नायक स्वतःच रेप्लिकंट ठरतो. शेवटचे दृश्य होते तेच आहे, कागद तोच आहे. आधीच्या काही सेकंदांनी नायकाचा जन्मच बदलून टाकला. २००७च्या अंतिम आवृत्तीत हे दृश्य आणखी विस्ताराने आले. हे दृश्य स्कॉट यांच्याच 'लेजंड' (१९८५) या चित्रपटातून उसने घेतले अशी वदंता दीर्घकाळ होती. ती खोटी आहे. ते 'ब्लेड रनर'साठीच चित्रित झाले होते.

डेकार्ड रेप्लिकंटच आहे, असे स्कॉट यांनी २०००मध्ये स्पष्ट सांगितले. चित्रीकरणाच्या काळात फोर्ड यांचा या कल्पनेला विरोध होता. पडद्यावर प्रेक्षकाने जीव लावावा असा एक तरी माणूस हवा, असे त्यांचे म्हणणे. पटकथाकार हॅम्प्टन फँचर यांना प्रश्न अनुत्तरित ठेवणे अधिक पसंत होते. फोर्ड यांच्या बाजूला वजन आहे. मरणाच्या दारातला रेप्लिकंट रॉय बॅटी आपल्या शिकाऱ्याचा जीव वाचवतो, हा चित्रपटाचा परमोच्च बिंदू. वाचणारा माणूस असेल तरच त्या औदार्याची धार जाणवते. दोन यंत्रांमधला व्यवहार झाला, की ती बोथट होते.

घडीकामाच्या दृष्टीनेही गाफची निवड सोपी नाही. जपानी ओरिगामीत, शुद्ध पद्धतीने, एकाच चौकोनी कागदातून, कात्री न लावता, प्रत्येक अवयवासाठी एक टोक काढावे लागते. पारंपरिक क्रौंच पक्ष्याला चार टोके पुरतात: मान, शेपटी आणि दोन पंख. युनिकॉर्नला चार पाय, डोके, शेपटी आणि वर ते शिंग. चंदेरी कागद मात्र सोयीचा; धातूच्या पातळ पत्र्यामुळे घातलेली घडी तशीच टिकते. कागदाला घडीची आठवण राहते, असे ओरिगामीचे जाणकार म्हणतात.

डेनी व्हिलनव्ह यांच्या 'ब्लेड रनर २०४९' (२०१७) या उत्तरभागात रोवलेल्या आठवणींचा धागा पुढे चालतो. तेथील रेप्लिकंट नायक के याच्या मनात लाकडी घोड्याची एक आठवण आहे. ती खरी आहे हे त्याला कळते, पण ती त्याची नव्हे, दुसऱ्याच कोणाची निघते. डेकार्ड माणूस की रेप्लिकंट, याचा निवाडा मात्र हा चित्रपटही करत नाही. के माहितीसाठी वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्या गाफला भेटतो. बोलता बोलता गाफची बोटे कागदाला घड्या घालू लागतात आणि टेबलावर उभी राहते ती मेंढी.