विकायच्या घराला चुना लावताना

आजचा भाग जरा घरचा आहे. आमचं नांदगावचं आजोबांचं घर विकायचं ठरलं, तिथून ही गोष्ट सुरू होते.

नांदगाव म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं, मनमाडच्या पुढचं रेल्वेलाइनवरचं गाव. एकेकाळी वेरूळची लेणी बघायला निघालेले प्रवासी इथेच उतरायचे आणि पुढे टांगा करायचे. १९००च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादकडे रेल्वे सुरू झाली आणि ती वर्दळ संपली.

तर, एजंट आला, गल्लीतूनच घराकडे बघितलं आणि बाबांना म्हणाला, "काका, आधी पुढची बाजू चमकवा. गिऱ्हाईक आत यायच्या आधीच भाव ठरवतं." चूक नव्हतं त्याचं. आपल्याकडे ओटा आणि दर्शनी भिंत कायम पाहुण्यांसाठीच सजली. दिवाळी आली, मुलीला बघायला मंडळी येणार असली, की आधी रंग पुढच्या भिंतीला.

रंगाऱ्याने भिंत घासायला घेतली आणि तळहाताएवढ्या जागेत तीन थर उघडे पडले. मी तिथेच बसलो. म्हटलं, हा तर इतिहासच आहे!

वरचा थर पिस्ता रंगाचा डिस्टेंपर. आत्याच्या लग्नातला. असे तयार डबे घरोघरी पोचले, त्यात एशियन पेंट्सचा मोठा वाटा. १९४२ला मुंबईत चार मित्रांनी ती सुरू केली. हातात ब्रश घेतलेला खोडकर गट्टू आठवतो? तो आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ला काढला.

त्याखाली निळसर पांढरा थर. नीळ घातलेला चुना. चुनखडी भट्टीत भाजायची, मग कळीचा चुना पाण्यात विरवायचा. भिंतीला लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडीच होतो. म्हणजे भिंतीवर दगडाचा पातळ पापुद्रा. त्यातून ओल बाहेर पडते. ओल्या भिंतीवर प्लास्टिक पेंट मारला, तर ओल आतच अडकते आणि वर्षभरात फुगे येतात.

सगळ्यात खाली नुसता पांढरा चुना. किती जुना, कोण जाणे. पण चुन्याची सगळीच आठवण सणाची नाही. १८९६ला मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी पुण्यात रँडच्या हाताखाली सोजिरांची पथकं घराघरांत शिरली, सामान रस्त्यावर काढलं, जंतू मरावेत म्हणून भिंतींना चुना फासला. लोकांचा संताप इतका, की २२ जून १८९७ला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. तोच चुना, पण घर कुणी, कशासाठी रंगवलं, यावर सगळं अवलंबून.

आणि इथेच आमचं घोडं अडलं. आत माजघरात गुडघ्याच्या वर एक तपकिरी रेघ आहे. सप्टेंबर २०२१मध्ये लेंडी आणि शाकांबरी या नद्यांना पूर आला, तेव्हाच्या पाण्याची. एजंट म्हणाला, "पुट्टी भरून दोन हात मारले की झालं." बाबा गप्प. पैशांची गरज होती, खोटं कशाला बोलू?

मी कायदा उघडला. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२, कलम ५५. विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही न कळणारा मोठा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. लपवला, तर कायदा त्याला फसवणूक म्हणतो. १४०हून जास्त वर्षं हे लिहून ठेवलंय! म्हणजे ओटा सारवा, दाराला तेलपाणी करा, भिंत उजळा, काही हरकत नाही. घर नीटनेटकं दिसणं वेगळं आणि खूण पुसणं वेगळं. आपल्या भाषेला हा फरक आधीच ठाऊक आहे. भिंतीला चुना लावतात आणि माणसालाही 'चुना लावतात'.

मी बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ रेघेकडे बघत बसले. मग रंगाऱ्याला म्हणाले, "बाहेरून चुना मारा. आतली ती भिंत राहू द्या."

गिऱ्हाईक आलं, दर्शनी भिंत बघून खूश झालं. बाबांनी स्वतःच त्यांना आत नेलं आणि रेघ दाखवली. त्यांनी हाताने उंची मोजली, जोतं वाढवायचा खर्च काढला आणि भाव पाडला. बऱ्यापैकी पाडला. परतीच्या गाडीत बाबा काहीच बोलले नाहीत. मनमाड आल्यावर एवढंच म्हणाले, "उद्या त्यांचा फोन आला तरी उचलता येईल."

तुमच्या गावच्या घराच्या भिंतीखाली कोणते रंग दडलेत? एकदा नखाने खरवडून बघा आणि आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!