परसातलं बियाणं कुणी जपलं?



कार्तिक सरत आला की आपल्या जळगाव-धुळ्याकडे घराघरातून भरिताचा वास येऊ लागतो. पऱ्हाटीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात आणि सोबत कळण्याची भाकरी. आज आपल्याला हिवाळ्यातल्या परसबागेविषयी बोलायचं आहे. सुरुवात या ताटापासून करू, कारण आपल्या परसाचा बराचसा इतिहास त्यातच वाढलेला आहे.

वांगं आपल्याच देशाच्या भागातलं, फार जुनं. लसूण मध्य आशियातून आला, तोही हजारो वर्षांपूर्वी. मिरची आणि शेंगदाणा मात्र समुद्रापलीकडच्या अमेरिका खंडातले. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतलं आणि पुढे त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडे आली. त्याआधी जेवणाला तिखटपणा असायचा तो मिरी आणि पिंपळीचा. बटाटा आणि टोमॅटोही अमेरिकेचेच. फुलकोबी तर कालपरवाची म्हणायची. १८२२ साली तिचं बी विलायतेहून सहारनपूरच्या सरकारी बागेत आलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात फुलकोबीची भाजी कुणाच्याच घरी होत नव्हती.

जहाजानं बी बंदरापर्यंत आणलं. तिथून ते आडगावच्या परसात कसं पोचलं, ते कुणी लिहून ठेवलं नाही. पण खेड्यात बी कसं फिरतं, ते आपण पाहत आलो आहोत. माहेराहून निघताना पदराच्या गाठीला बांधलेलं मूठभर, शेजारणीनं वाटीतून दिलेलं, सासूनं राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं. शेतात काय पेरायचं हे बहुतेक घरांत पुरुषांनी ठरवलं, पण परसात कोणता वेल चढेल आणि कोणतं फळ बियाला राहील, हे बाईनं ठरवलं.

आपल्या रीतिरिवाजांतही हे ज्ञान दिसतं. चातुर्मासात वांगं वर्ज्य करायची रीत अनेक घरांत आहे. ती सुटते मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. पावसाळ्यात लावलेलं वांगं याच सुमाराला भरात येतं. रीत आणि हंगाम असे एकमेकांना धरून आहेत.

बामणोदची, आसोद्याची भरिताची वांगी आज लांबलांबून मागवली जातात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवट-पांढरं, मोठं, बी कमी, भाजलं की लोण्यासारखं मऊ. असं वाण एका वर्षात तयार होत नाही. दर हंगामाला कुणीतरी सर्वांत चांगलं फळ खाण्याचा मोह सोडून बियासाठी झाडावर ठेवलं, तेव्हा पिढ्यांमागून पिढ्या निवड होत ते घडलं. मानांकनाच्या कागदावर त्या बायकांची नावं नाहीत.

याच आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. जन्म १८८०, लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी जात्यावर, शेतात, तोंडी रचली. मुलानं आणि आप्तानं ती टिपून ठेवली, म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तक निघालं. टिपून ठेवली नसती, तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती. बियाणाचंही तसंच आहे. एका घरात दोन-तीन वर्षं पेरलं नाही, तर मडक्यातलं बी मरतं आणि ते वाण संपतं.

हा धोका १९६० नंतर वाढला. संकरित बियाणं आलं, उत्पन्न वाढलं, बाजारात विकायला त्याचा उपयोग झाला. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण संकरित झाडाच्या फळातलं बी पेरलं, तर पुढची झाडं त्याच गुणाची येत नाहीत. म्हणून दरवर्षी पाकीट घ्यावं लागतं. शेतामागोमाग परसातही पाकीट आलं आणि मडकी रिकामी झाली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळा न शिकता गावरान वाणांची बियाणं जमवली, बायकांना वाटली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आणि २००१ चा देशाचा कायदाही आपल्या बाजूनं आहे: शेतकऱ्याला आपल्या पिकाचं बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, दुसऱ्याला देण्याचा, अदलाबदल करण्याचा हक्क आहे. संरक्षित वाणाचं बी कंपनीच्या नावानं पाकिटात भरून विकता येत नाही, एवढंच बंधन.

तर या हिवाळ्यात काय करायचं?

मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर आता पेरा. मेथी-कोथिंबीर एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी छोटा वाफा टाका, म्हणजे माघापर्यंत पानं मिळत राहतील. धणे पेरण्याआधी हलके रगडून दोन फाका करा. मोरीचं पाणी वाळू-दगडाच्या खड्ड्यातून नेऊन वाफ्याला द्या, पण साबणाचं पाणी पानांवर पडू देऊ नका.

पौषात आपल्याकडे, त्यातही धुळ्याकडे, कडाक्याची थंडी पडते. अशा रात्रीआधी संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली माती ऊब धरते. कोवळी रोपं रात्री पोत्यानं नाहीतर पेंढ्यानं झाका आणि सकाळी उघडा.

वांग्याचा शेंडा मलूल होऊन वाकला, तर आत अळी आहे असं समजा. शेंडा खाली कापून जाळा. पानामागे मावा दिसला, तर निंबोळीची ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून संध्याकाळी फवारा.

आता बियाचं. गावरान वांग्याच्या निरोगी झाडावर, दुसऱ्या-तिसऱ्या तोडणीतलं एक उत्तम फळ ठेवा आणि त्याला चिंधी बांधा, म्हणजे घरातलं कुणी तोडणार नाही. ते पिवळं पडेपर्यंत राहू द्या. मग चिरून गर पाण्यात चोळा. तळाशी बसेल ते बी चांगलं, तरंगेल ते फेका. सावलीत वाळवा, कोरडी राख घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि वर नाव व साल लिहा. टोमॅटोचं बी गरासकट एक-दोन दिवस आंबवून मग धुवा. मेथी आणि धण्यांसाठी वाफ्याचा एक कोपरा न खुडता सोडा. कोबी-फुलकोबीच्या मागे मात्र लागू नका. त्यांच्या बियाला लांब थंडी लागते, ती आपल्याकडे मिळत नाही. ते बी विकत घ्यावंच लागेल.

गटाच्या बैठकीत आपण बचतीचा हिशेब लिहितो. त्याच वहीचं एक पान बियाणासाठी ठेवू या. कुणाकडे कोणतं वाण आहे, कुणाच्या आजीकडून आलं, यंदा कुणाला किती दिलं, हे लिहू. फाल्गुनात प्रत्येकीनं एका वाणाचं चिमूटभर बी आणायचं आणि दुसरं घेऊन जायचं. एकीकडचं गेलं, तरी दुसरीकडे राहील. आणि या वेळी बियाबरोबर ते जपणारीचं नावही राहील.