शिरोड्याची खाडी आणि वऱ्हाडचे मीठ

गेल्या वर्षी वर्गात 1930 सालच्या कायदेभंगाचा विषय चालू असता झरी जामणीकडील एका विद्यार्थ्याने आम्हांस एक प्रश्न विचारला. "सर, आपल्याकडे समुद्र नव्हता, मग आपल्या लोकांनी कोणते मीठ उचलून कायदा मोडला?" आम्ही त्यास जे उत्तर दिले ते पुस्तकी होते व त्याचे समाधान झाले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होते. खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नव्हते. मीठ कसे पिकते हे ज्याने डोळ्यांनी पाहिले नाही, त्याने मिठाच्या सत्याग्रहावर पंचवीस वर्षे व्याख्याने झोडावी, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशी प्रथमच खटकली.

झरी जामणी हा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाचा तालुका. गोंड-कोलामांची जुनी वस्ती, रानाची सोबत आणि पैनगंगेची सीमा. 1948 पर्यंत पलीकडचा काठ निजामाचा होता. येथले पाणी पैनगंगेतून वर्धेत, वर्धेतून प्राणहितेत व तेथून गोदावरीत जाऊन अखेर पूर्वसमुद्रास मिळते. मीठ मात्र पश्चिमेकडून आले. घाट चढून बैलांच्या पाठीवर ते आणीत लमाणांचे तांडे, आणि परत जाताना कापूस व धान्य नेत. 'लवण' शब्दावरूनच 'लमाण' नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या जातीचा इतिहास तीत बरोबर उतरला आहे. 1867 मध्ये आगगाडी नागपुरास पोचली आणि तांड्यांचा हा धंदा बसत गेला.

असो. प्रश्नकर्त्या विद्यार्थ्यास व त्याच्या दोघा सोबत्यांस घेऊन जानेवारीत आम्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यातील शिरोड्यास गेलो. मराठी वाचकास शिरोडे म्हटले की खांडेकर आठवतात. 1920 पासून 1938 पर्यंत ते तेथे शिक्षक होते. पण आम्हांस ओढ होती ती खाडीकाठच्या मिठागरांची, कारण महाराष्ट्रातील मिठाच्या सत्याग्रहाचे एक मोठे ठाणे 1930 च्या मे महिन्यात येथे पडले होते.

पहाटे ओहोटी लागली असता आम्ही खाडीवर पोचलो. पाणी हटून काळा चिखल उघडा पडला होता व कांदळाची मुळे त्यातून बोटांसारखी वर आली होती. त्या चिखलावर पक्ष्यांची केवढी गर्दी! लांब तांबड्या पायांचे शेकाटे तोल सांभाळीत चालत होते, तुतवार शेपटी हालवीत काठाने धावत होते, एक खंड्या खुंटावर ध्यान लावून बसला होता आणि वर पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घार घिरट्या घालीत होती. यांतील कित्येक तुतवार हिमालयापलीकडून हिवाळ्यापुरते येतात, हे सांगताच आमच्या विद्यार्थ्याने विचारले, "यांना मिठागर आवडते काय?" आवडते, कारण उथळ खाऱ्या पाण्यात वाढणारे बारीक किडे हे त्यांचे अन्न. कर बसविणाऱ्या सरकारास ही जकात मात्र कधी वसूल करता आली नाही.

थोडे पुढे कमरेइतक्या पाण्यात एक गाबीत गृहस्थ पाग टाकीत होते. जाळे हातातून सुटले की हवेत गोल पसरे व पाण्यावर एकदम बसे. आमच्या मुलांनीही हौसेने हात मारून पाहिला. जाळे गोळा होऊन पडले व मासा काही लागला नाही. गृहस्थांनी हसून चार शेवटे आमच्या पिशवीत टाकले व पैसे घेतले नाहीत. बायका गुडघाभर चिखलात तिसऱ्या वेचीत होत्या. हे मासे आणि मीठ यांचे नाते आम्ही वऱ्हाडी लोक विसरतो. किनाऱ्यावर मीठ ही केवळ ताटातली चिमूट नव्हे. हंगामात फार मासळी आली की ती खारवून ठेवावी लागते. 1930 साली मणामागे सव्वा रुपया कर होता. ज्याच्या दारात समुद्र स्वतः मीठ आणून टाकतो, त्यास ते उचलण्याची बंदी, असा 1882 च्या कायद्याचा रोख होता.

दुपारी मिठागरात गेलो. भरतीचे पाणी बांधातून आत घ्यावयाचे, एका तळ्यात निवू द्यावयाचे, मग तुडवून घट्ट केलेल्या मातीच्या वाफ्यांत थोडे थोडे सोडावयाचे. बाकीचे काम ऊन आणि वारा करतात. पापुद्रा धरू लागला की लांब दांड्याच्या फळीने मीठ कडेस ओढून त्याचे ढीग घालतात. एका वृद्ध कामकऱ्यास आम्ही विचारले, हंगाम कधीपर्यंत? ते म्हणाले, "मिरग लागलो काय मीठ खंयचा, सगळा पाणीच!"

हे वाक्य ऐकले आणि पंचवीस वर्षे पाठ केलेल्या तारखा आमच्यापुढे निराळ्याच अर्थाने उभ्या राहिल्या. दांडीस गांधीजींनी मीठ उचलले 6 एप्रिलला. धारासणेची चढाई 21 मेची. शिरोड्यास स्वयंसेवकांच्या तुकड्या मिठागरांवर धावल्या, त्यांनी लाठ्या खाल्ल्या, अप्पासाहेब पटवर्धनांसारखे लोक तुरुंगात गेले, तेही मे महिन्यातच. सगळे मृगाच्या आत! पावसाळा लागताच मिठाचा कायदा मोडावयास मीठच उरले नाही. आणि पुसदच्या रानात बापूजी अण्यांनी गवत कापले ती तारीख कोणती? 10 जुलै.

अणे हे झरीच्या शेजारच्या वणीचे. जन्म 1880 चा. वऱ्हाडाने प्रथम मीठही करून पाहिले होते. अकोल्याकडील खारपाणपट्ट्यात दहीहंडा येथे विहिरींचे खारे पाणी आटवून एप्रिलमध्ये कायदा मोडण्यात आला. त्या कल्पकतेस आमचा नमस्कार; पण यवतमाळकडे तशा विहिरी नव्हत्या, होते ते राखीव जंगल. गुरांस चारा, घरास लाकूड आणि आड येणारा जंगल खात्याचा शिपाई, हे तेथील माणसाचे नित्याचे जिणे. पुसदेनंतर त्याच महिन्यात डॉ. हेडगेवारांनी यवतमाळनजीक हाच सत्याग्रह करून नऊ महिन्यांची शिक्षा घेतली. 25 सप्टेंबरला तर खुद्द मिठागरांच्या मुलखात, उरणजवळ चिरनेरला, जंगलासाठी लोक गोळ्यांस बळी पडले.

रात्री सुरूच्या बनात राहुटी ठोकली व शेवटे निखाऱ्यावर भाजले. सत्याग्रहींची छावणीही याच किनाऱ्यावर कोठेतरी होती, या विचाराने मुले बराच वेळ जागी राहिली. मग त्या विद्यार्थ्याने आपला प्रश्न पुरा केला. "म्हणजे मीठ संपले म्हणून गवत?" आम्ही म्हटले, चळवळीच्या पंचांगापुरते तसे खरे, पण गाऱ्हाणे पंचांगावर चालत नाही. जंगलाची तक्रार मिठाहून जुनी होती, तिला फक्त वाट मिळाली. आम्ही आजवर जंगल सत्याग्रह हा मिठाच्या धड्याचा शेवटचा परिच्छेद म्हणून शिकवीत आलो, ही आमची चूक होती, असे त्यास स्पष्ट सांगितले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. नंतर म्हणाला, "मिठावरचा कर कधी उठला?" 1947 मध्ये, आम्ही म्हटले. "आणि जंगलाचा हक्क?" वनहक्कांचा कायदा संसदेने 2006 च्या डिसेंबरात केला. त्याने बोटांवर हिशेब केला. "एकोणसाठ वर्षे," तो म्हणाला. त्याच्या कोलाम आजोबांचा दाव्याचा कागद त्यानंतरही बरीच वर्षे कचेरीत पडून होता, हे आम्हांस त्या रात्री प्रथम कळले. बाहेर भरती चढू लागली होती. राहुटीचे खुंट दहा हात मागे घेऊन आम्ही निजलो.